पोटरीच्या स्नायूंची भागीदारी उलगडणारे डॉ. ड्युशेन

मुलाच्या रिपोर्टवर ड्युशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी किंवा डीएमडी असे शब्द दिसले की घरातले सगळे आधी त्या नावापाशीच अडखळतात. ड्युशेन हे कोणत्या जंतूचे किंवा औषधाचे नाव नाही. ते एका फ्रेंच डॉक्टरांचे आडनाव आहे. त्यांना जाऊन आता दीडशे वर्षे झाली.

या डॉक्टरांनी आयुष्यभर एकाच प्रश्नाचा पाठपुरावा केला. आपण चालतो, टाच उचलतो, हसतो, तेव्हा नेमका कोणता स्नायू किती काम करतो आणि शेजारचे स्नायू त्याला कशी साथ देतात? या शोधात पोटरीचे स्नायू त्यांच्यासमोर पुन्हा पुन्हा आले. त्यांच्या आयुष्याची ओळख करून घेतली, तर आपल्या पायांबद्दलच्या आणि डीएमडीबद्दलच्याही अनेक गोष्टी सोप्या होतात.

बंदरावरचे घर

गीयोम ड्युशेन यांचा जन्म १७ सप्टेंबर १८०६ रोजी उत्तर फ्रान्समधील बुलोन या बंदराच्या गावी झाला. घराणे दर्यावर्दी होते. वडील जहाजाचे कप्तान होते आणि मुलानेही समुद्रावर जावे अशी त्यांची इच्छा होती. मुलाचा ओढा मात्र विज्ञानाकडे होता. पॅरिसला जाऊन त्याने वैद्यकीचे शिक्षण घेतले. स्टेथोस्कोपचे जनक लेनेक आणि मज्जासंस्थेवर प्रयोग करणारे माजांदी यांच्यासारखे शिक्षक त्या काळी पॅरिसमध्ये शिकवत होते. १८३१ मध्ये पदवी घेऊन ड्युशेन गावी परतले, दवाखाना सुरू केला आणि लग्न केले.

दोनच वर्षांत घरावर आघात झाला. १८३३ मध्ये बाळंतपणानंतरच्या तापात पत्नी गेली. त्या काळी प्रतिजैविके नव्हती, त्यामुळे असे मृत्यू सर्रास होत. पण बाळंतपण ड्युशेन यांनी स्वतः केले होते. गावात कुजबुज सुरू झाली. सासरच्या मंडळींनी लहानग्या मुलाला आपल्याकडे ठेवून घेतले, बाप-लेकाची ताटातूट झाली आणि दवाखान्यातली गर्दीही ओसरत गेली.

सुईकडून ओल्या स्पंजाकडे

याच कठीण काळात त्यांच्या हाती आयुष्यभराचे काम आले. स्नायूंमध्ये सुया टोचून त्यांतून वीज सोडण्याचा उपचार तेव्हा काही डॉक्टर करत असत. ड्युशेन यांनीही तो करून पाहिला. वीज सोडली की सुईजवळचा स्नायू आखडतो आणि त्या स्नायूची हालचाल डोळ्यांसमोर दिसते, हे त्यांच्या लक्षात आले. उपचार राहिला बाजूला, त्यांना यात स्नायूंचा अभ्यास करण्याचे साधन दिसले.

१८३१ मध्ये फॅरडे यांनी विद्युत प्रवर्तनाचा शोध लावला होता. त्या तत्त्वावर चालणारी, कमी-जास्त करता येईल अशी वीज देणारी छोटी यंत्रे पुढे तयार झाली. ड्युशेन यांनी स्वतःचे यंत्र बनवून घेतले आणि सुया टोचणे सोडून दिले. विजेची टोके ओली करून त्वचेवर नेमक्या जागी ठेवली, तर सुईशिवायही एकच स्नायू वेगळा हलवता येतो, हे त्यांनी दाखवले. आज फिजिओथेरपिस्ट त्वचेवर पॅड लावून स्नायूंना विजेचे हलके झटके देतात, त्या पद्धतीच्या मुळाशी हे काम आहे.

१८४२ मध्ये ते पॅरिसला आले. तिथे त्यांना कोणत्याही रुग्णालयात पद नव्हते, विद्यापीठात अध्यापकाची जागाही नव्हती. बोलण्यात गावाकडचा ठसका, स्वभाव संकोची. ते आपले यंत्र घेऊन रोज वेगवेगळ्या रुग्णालयांत जात आणि लुळेपणा, तोल जाणे, हात-पाय सुकणे अशा रुग्णांची परवानगी मागून तपासणी करत. एखादा रुग्ण दुसऱ्या रुग्णालयात हलवला, तर तेही मागोमाग तिथे पोचत. सुरुवातीला अनेकांनी त्यांची थट्टा केली. पण त्यांच्या नोंदी इतक्या बारकाईच्या होत्या की हळूहळू मोठे डॉक्टर त्यांचे मत विचारू लागले. सालपेत्रिएर रुग्णालयातले प्रसिद्ध मेंदूतज्ज्ञ शार्को तर त्यांना आपले गुरू मानत.

पोटरीत दडलेले भागीदार

ड्युशेन यांनी पोटरीत काय पाहिले हे समजण्यासाठी आधी पोटरीची रचना पाहू.

गुडघ्यामागून खाली येणारा जो फुगीर भाग हाताला लागतो, तो गॅस्ट्रॉक्नेमियस हा स्नायू. त्याचे दोन भाग असतात, एक आतल्या बाजूला आणि एक बाहेरच्या बाजूला. आतला भाग सहसा मोठा असतो. दोन्ही भाग गुडघ्याच्या वर, मांडीच्या हाडापासून सुरू होतात. त्यांच्याखाली सोलियस नावाचा रुंद, चपटा स्नायू असतो. तो गुडघ्याच्या खालून सुरू होतो. हे तिन्ही भाग खाली एकत्र येऊन टाचेमागच्या जाड दोरीत मिळतात. ही दोरी म्हणजे अकिलीस टेंडन.

दोरी एक आणि ओढणारे तीन. तिघांचा स्वभावही वेगळा आहे. सोलियसमध्ये सावकाश पण न थकता काम करणारे तंतू जास्त असतात. उभे राहणे आणि संथ चालणे यांत त्याचा वाटा मोठा. गॅस्ट्रॉक्नेमियस उडी, धाव, जिना अशा जोराच्या कामात पुढे सरसावतो. गुडघा वाकवला की तो सैल पडतो आणि टाच उचलण्याचे बरेचसे काम सोलियसवर येते.

ड्युशेन यांच्या आधीचे स्नायूंचे ज्ञान मुख्यतः मृत शरीरांवरून आलेले होते. स्नायू कुठून निघतो आणि कुठे जोडला जातो हे पाहून त्याच्या कामाचा अंदाज बांधला जाई. ड्युशेन यांनी तो अंदाज जिवंत माणसावर तपासला. त्यांनी विजेने एकट्या पोटरीचा स्नायू आखडवला, तेव्हा टाच जोरात वर ओढली गेली, पण पाऊल सरळ खाली गेले नाही. तळवा आतल्या बाजूला वळला, सगळा जोर पावलाच्या बाहेरच्या कडेवर गेला आणि अंगठ्याखालची गादी जमिनीकडे दाबली गेली नाही.

मग त्यांनी पायाच्या बाहेरच्या बाजूचा पेरोनियस लाँगस हा स्नायू उत्तेजित केला. याची दोरी घोट्यामागून तळव्याखाली जाऊन अंगठ्याच्या मुळाशी जोडली जाते. तो आखडला तेव्हा अंगठ्याखालचा भाग खाली दाबला गेला, तळव्याची कमान वाढली आणि पाऊल बाहेरच्या बाजूला वळले. टाच उचलण्याची ताकद मात्र त्याच्यात फारशी नव्हती. दोन्ही स्नायू एकाच वेळी कामाला लागले, तेव्हाच पाऊल सरळ खाली गेले. आपण चवड्यावर उभे राहतो तेव्हा हेच घडते.

यावरून त्यांनी एक महत्त्वाचा निष्कर्ष काढला. विजेने एक स्नायू वेगळा हलवता येतो, पण रोजच्या जगण्यात कोणताही स्नायू एकटा काम करत नाही. एक ओढतो, दुसरा दिशा सांभाळतो, तिसरा विरुद्ध बाजूने आवर घालतो. म्हणून केवळ विजेच्या प्रयोगांवर ते थांबले नाहीत. ज्यांचा एखादाच स्नायू निकामी झाला आहे अशा रुग्णांची चाल ते तासन् तास पाहत. विजेने स्नायू काय करू शकतो हे कळते, आणि तो गेल्यावर काय अडते यावरून तो रोज काय करत होता हे कळते. या दोन्ही मार्गांनी जमवलेली माहिती त्यांनी १८६७ मध्ये स्नायूंच्या हालचालींवरील मोठ्या ग्रंथात मांडली.

ताकद शाबूत, ताळमेळ गेलेला

त्यांच्याकडे असेही रुग्ण येत, ज्यांचे पाय चालताना इकडेतिकडे फेकले जात. टाच जमिनीवर आपटे, तोल जाई आणि अंधारात तर पाऊल टाकणेही अवघड होई. अशा रुग्णांना पायांचा लकवा झाला आहे असे सरसकट समजले जाई.

ड्युशेन यांनी या रुग्णांना पलंगावर झोपवून स्नायूंची ताकद तपासली. ताकद जवळजवळ पूर्ण होती. बिघडला होता तो स्नायूंचा आपापसातला ताळमेळ. हा लकवा नाही, ही वेगळीच व्याधी आहे, असे त्यांनी १८५८-५९ मध्ये सविस्तर मांडले. जुन्या सिफिलिसमुळे मज्जारज्जूच्या मागच्या भागाला होणारी ती इजा होती, हे पुढे सिद्ध झाले. पाय कुठे आहे, स्नायू किती ताणला आहे ही खबर मेंदूपर्यंत पोचत नसेल, तर मजबूत पोटरीही योग्य वेळी योग्य जोर लावू शकत नाही.

सिफिलिसमुळे होणारा हा आजार आता क्वचित दिसतो. पण बराच काळ अनियंत्रित राहिलेला मधुमेह किंवा बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता यांमुळेही पायांकडून येणारी ही खबर कमी होते. बेसिनवर तोंड धुताना डोळे मिटले की तोल जाणे, अंधारात अडखळणे, चप्पल पायातून निसटलेली न कळणे ही त्याची लक्षणे आहेत. अशा वेळी नुसते टॉनिक घेऊन किंवा पायांना मालीश करून भागत नाही. कारण शोधावे लागते.

पैलवानासारख्या पोटऱ्या

ड्युशेन यांचे नाव ज्या आजाराला मिळाले, त्याची गोष्टही पोटरीपासून सुरू होते. त्यांच्याकडे असे काही मुलगे आले ज्यांच्या पोटऱ्या वयाच्या मानाने भरदार होत्या. दिसायला मूल बळकट, पण जिना चढता येत नाही, पळता येत नाही, जमिनीवरून उठताना धडपड होते. १८६१ मध्ये त्यांनी अशा एका मुलाचे वर्णन प्रसिद्ध केले आणि १८६८ मध्ये १३ रुग्णांची तपशीलवार माहिती दिली. लंडनचे डॉक्टर मेरियन यांनी त्याआधीच असे रुग्ण पाहिले होते. पण ड्युशेन यांचे वर्णन इतके स्पष्ट होते की नाव त्यांचेच रूढ झाले.

एवढी मोठी पोटरी दुबळी कशी, हा प्रश्न त्यांनी सोडला नाही. त्यांनी एक खास सुई तयार केली. तिच्या साहाय्याने जिवंत रुग्णाच्या स्नायूचा बारीकसा तुकडा काढून तो सूक्ष्मदर्शकाखाली पाहता येई. आज आपण ज्याला बायॉप्सी म्हणतो, त्याचे हे सुरुवातीचे रूप. त्या तुकड्यांत स्नायूंच्या तंतूंच्या जागी चरबी आणि घट्ट जोडणारे ऊतक भरलेले दिसले. पोटरी फुगली होती, पण जोर लावणारे तंतू कमी होत चालले होते.

या आजारात आधी कंबर, नितंब आणि मांडीचे स्नायू कमजोर होतात. मांडीचा पुढचा स्नायू दुबळा झाला की गुडघा अचानक दुमडण्याची भीती असते. मग मूल नकळत एक युक्ती शोधते. ते पोट पुढे काढते, कंबर मागे झुकवते आणि चवड्यावर चालू लागते. चवड्यावर भार टाकला की पोटरीचा ताण नडगीला मागे धरून ठेवतो आणि गुडघा सरळ राहतो. म्हणजे मांडीचे काही काम पोटरी आपल्याकडे घेते.

उपचार ठरवताना याचा विचार करावा लागतो. टाच टेकत नाही म्हणून चालत्या मुलाचा अकिलीस टेंडन शस्त्रक्रियेने जास्त लांब केला, तर पोटरीचा हा आधार जातो आणि मुलाचे चालणेच थांबू शकते. म्हणून चालत्या मुलात अशा शस्त्रक्रियेचा निर्णय या आजाराचा अनुभव असलेल्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावा.

शेवटची वर्षे

ड्युशेन यांना छायाचित्रणाचाही नाद होता. चेहऱ्यावरचे स्नायू विजेने हलवून त्यांनी भावनांची छायाचित्रे काढली आणि १८६२ मध्ये ती पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. खऱ्या हसण्यात ओठांबरोबर डोळ्यांभोवतीचा स्नायूही आखडतो, हे त्यांनी दाखवले. चार्ल्स डार्विन यांनी १८७२ मधल्या आपल्या भावनांवरील पुस्तकात यातली काही छायाचित्रे वापरली.

दुरावलेला मुलगा एमील बऱ्याच वर्षांनी त्यांच्याकडे आला. तोही डॉक्टर झाला होता. बाप-लेकांनी काही काळ एकत्र काम केले. पण हे सुख टिकले नाही. एमील विषमज्वराने वडिलांच्या आधीच गेला. त्यानंतर थोड्याच वर्षांत, सप्टेंबर १८७५ मध्ये, पॅरिसमध्ये ड्युशेन यांचे निधन झाले. आयुष्यभर ज्यांना कोणत्याही रुग्णालयाने पद दिले नाही, त्यांचे नाव आज जगभरातल्या बालरोग विभागांत रोज घेतले जाते.

त्यांच्यानंतर काय कळले

डीएमडीचे मूळ कारण कळायला पुढे शंभरहून अधिक वर्षे लागली. १९८६-८७ मध्ये त्याचे जनुक आणि डिस्ट्रॉफिन हे प्रथिन सापडले. हे प्रथिन नसल्यामुळे प्रत्येक आकुंचनाबरोबर स्नायूंच्या तंतूंना इजा होत राहते. हे जनुक एक्स गुणसूत्रावर असल्याने आजार बहुतेक करून मुलग्यांना होतो. काही आया वाहक असतात, तर काही मुलांमध्ये हा बदल नव्याने घडलेला असतो. त्यामुळे आईला दोष देण्याचे काही कारण नाही. आजार मुळापासून बरा करणारा उपचार अजून नाही. पण स्टेरॉइड, नियमित फिजिओथेरपी, हृदय आणि श्वासाची काळजी यांमुळे मुले जास्त काळ चालतात आणि जास्त जगतात.

पोटरीच्या भागीदारीबद्दलही नवी माहिती मिळाली आहे. फ्रान्समधल्याच नान्त येथील संशोधकांनी २०१८ मध्ये निरोगी माणसांच्या पोटरीतील तिन्ही भागांचा आकार आणि त्यांतली विद्युत हालचाल एकत्र मोजली. टाचेला तेवढाच जोर लावताना प्रत्येकाची वाटणी वेगळी निघाली. कोणाचा आतला भाग जास्त भार घेतो, तर कोणाचा सोलियस. अकिलीस टेंडन दुखणाऱ्या लोकांमध्ये गॅस्ट्रॉक्नेमियसच्या बाहेरच्या भागाचा वाटा निरोगी लोकांपेक्षा कमी असल्याचेही याच गटातील संशोधकांना नंतर आढळले. वाटणी बदलल्यामुळे दुखणे सुरू झाले की दुखण्यामुळे वाटणी बदलली, हे अशा एकवेळच्या मोजणीतून ठरत नाही. पण एकाला लागू पडलेला व्यायाम दुसऱ्याला तसाच लागू पडेल असे नाही, एवढे यातून नक्की समजते. शेजाऱ्याची टाच ज्या व्यायामाने बरी झाली, तो आपल्यालाही चालेल असे गृहीत धरू नये. फिजिओथेरपिस्ट टाच उचलण्याचा व्यायाम कधी गुडघा सरळ ठेवून, तर कधी वाकवून करायला सांगतात, तो तिन्ही भागीदारांना काम मिळावे म्हणून.

घरच्यांनी लक्षात ठेवण्याच्या गोष्टी

१. मुलाच्या पोटऱ्या भरदार आहेत, पण जिना चढताना कठड्याला धरावे लागते, वारंवार पडणे होते, जमिनीवरून उठताना हात मांड्यांवर टेकवत उठावे लागते, असे दिसले तर मूल आळशी आहे किंवा वजनामुळे असे होते म्हणून थांबू नका. दीड वर्षाचे होऊनही मूल चालत नसेल किंवा सतत चवड्यावर चालत असेल, तरीही बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

२. सीपीके ही रक्ताची साधी तपासणी आहे. डीएमडीत ती खूप वाढलेली असते. पुढचे निदान जनुकीय तपासणीने होते.

३. एसजीओटी आणि एसजीपीटी वाढलेले दिसले की यकृताचा आजार समजून अनेक मुलांवर महिनोन् महिने उपचार होतात. ही द्रव्ये स्नायूंतूनही रक्तात येतात. मूल अशक्त असेल, तर सीपीकेही तपासायची का, हे डॉक्टरांना जरूर विचारा.

४. निदान झालेल्या मुलाला ताकद वाढावी म्हणून जोर-बैठका किंवा जिने उतरण्याचा व्यायाम देऊ नका. अशा कामात आधीच नाजूक असलेले तंतू आणखी दुखावतात. घोट्याला रोज हळुवार ताण देणे आणि रात्री वापरायच्या पट्ट्या यांबद्दल फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्या.

५. स्टेरॉइडची गोळी मनाने कधीही बंद करू नका.

६. पुढचे मूल हवे असेल, तर त्याआधी जनुकीय समुपदेशन घ्या. मावशी आणि बहिणींनाही याची माहिती द्या.

७. मोठ्या माणसाच्या एकाच पोटरीत अचानक सूज आणि दुखणे सुरू झाले, किंवा टाचेमागे काहीतरी तुटल्यासारखे होऊन चवड्यावर उभे राहता येईनासे झाले, तर चोळू नका. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. पहिल्यात रक्ताची गाठ असू शकते, दुसऱ्यात टेंडन तुटलेला असू शकतो.

ड्युशेन यांच्याकडे एमआरआय नव्हते आणि जनुकीय चाचणीही नव्हती. रुग्ण कसा उठतो, कसा उभा राहतो आणि कसा चालतो, हे ते पुन्हा पुन्हा पाहत. हे काम घरचे लोकही करू शकतात. मूल जमिनीवरून उठताना आणि जिना चढताना मोबाइलवर एक-दोन मिनिटांचा व्हिडिओ काढा आणि तपासणीला येताना तो डॉक्टरांना दाखवा. दवाखान्यात मूल घाबरून नीट चालत नाही, तेव्हा घरी काढलेला हा व्हिडिओ निदानासाठी फार उपयोगी पडतो.